पिल्लाला घरी शिकवताना: ‘बस’ म्हटल्यावर ते नेमके काय ऐकते?

उंबरपान

नमस्कार. आमच्या घरी ५ आठवड्यांपूर्वी कुत्र्याचे पिल्लू आले. आले तेव्हा ते ८ आठवड्यांचे होते, आता १३ आठवड्यांचे आहे. नाव ठिपक्या. घरात मी, पत्नी, आई आणि १० वर्षांची मुलगी असे चौघे आहोत आणि पिल्लाला वळण लावण्याचे काम सर्वानुमते माझ्या गळ्यात पडले आहे. पहिल्या आठवड्यात मला स्वतःचा फार अभिमान वाटला, कारण दोनच दिवसांत ठिपक्या ‘बस’ म्हटले की बसू लागला. त्यानंतर मात्र गाडी अडली आहे.

ठिपक्या स्वयंपाकघरात बसतो, दिवाणखान्यात बसत नाही आणि अंगणात तर मी बोलतो आहे याची तो दखलही घेत नाही. माझ्या हातात खाऊ नसेल, तर स्वयंपाकघरातही नुसता माझ्याकडे पाहत उभा राहतो. हाक मारली की पूर्वी धावत यायचा; आता येता येता मध्येच थांबतो, माझा अंदाज घेतो आणि पलंगाखाली शिरतो. बाहेर १५ मिनिटे फिरवून आणले तरी घरात पाऊल टाकताच पायपुसण्यावर शू करतो. रागावलो की कान पाडून, नजर चुकवून बसतो, म्हणजे चूक कळलेली असते, पण तासाभराने पुन्हा तेच. शिवाय दात आहेतच. मुलीच्या पायजम्याचा एकही काठ शाबूत राहिलेला नाही. हे पिल्लू मुळात हट्टी आहे, की माझेच काही चुकते आहे?

पायवाट

उंबरपान, तुमच्या वर्णनात मला हट्ट कुठेच दिसत नाही. ठिपक्या शिकवलेले चोख करतो आहे. फक्त तुम्ही शिकवले ते एक आणि तो शिकला ते दुसरेच, असे झाले आहे. एक प्रयोग करून पाहा. स्वयंपाकघरातच, दोन्ही हात खिशात घालून, त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात ‘बस’ म्हणा. तो काय करतो ते मुलीला दारातून पाहायला सांगा. माझा अंदाज आहे की तो बसणार नाही, कारण ‘बस’ हा शब्द तो अजून शिकलेलाच नाही. तो जे शिकला आहे ते साधारण असे असावे: हा माणूस ओट्याजवळ माझ्याकडे वाकतो, त्याची चिमूट माझ्या नाकावरून वर जाते, तेव्हा बूड टेकवले की खाऊ मिळतो. यातल्या शब्दाला त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीइतकीच किंमत.

जनावरे आपल्या शब्दांपेक्षा आपले अंग किती बारकाईने वाचतात, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जर्मनीतला हान्स नावाचा घोडा. तो टापा आपटून गणितांची उत्तरे देतो, अशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ साली त्याची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि ते पाहून घोडा टाप थांबवत असे. मालकाने काही लबाडी केली नव्हती. आपण खूण देतो आहोत याचा त्यालाच पत्ता नव्हता. तुमचीही गत तीच आहे.

आता शब्द शिकवायचा कसा? खाऊचा कण पिल्लाच्या नाकाशी धरून हळूहळू वर आणि मागे, दोन कानांच्या मधून नेला की नाक वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकते. हात फार उंच धरला तर पिल्लू उडी मारते, फार वेगाने मागे नेला तर मागे चालू लागते. एवढे तुम्ही केलेच आहे. मात्र चिमटीत खाऊ धरून हे तीनचारदाच करायचे असते, पाचव्या वेळी हात तसाच रिकामा न्यायचा आणि बसल्यावर खाऊ दुसऱ्या हाताने, मागच्या वाटीतून काढून द्यायचा. इथेच बहुतेकांचे चुकते. खाऊ आधी दाखवून काम करून घेतले तर ती लालूच होते आणि पिल्लू शहाणपणाने हात रिकामा आहे की भरलेला एवढेच पाहू लागते. काम झाल्यावर न दिसलेला खाऊ अवचित पुढे आला, तर ते बक्षीस होते.

रिकाम्या हाताची खूण पक्की झाली की मग शब्द आणायचा, आणि तो खुणेच्या आधी आणायचा. ‘बस’ म्हणायचे, मनातल्या मनात एक आकडा मोजायचा आणि मग हाताची खूण करायची. दोन्ही एकदम केले तर पिल्लू हाताकडेच पाहते आणि शब्द वाया जातो. काही दिवसांनी शब्द आणि खूण यांच्या मधल्या त्या क्षणात पिल्लू स्वतःहून बसेल. शब्द कळला तो त्या क्षणी. तोवर एकदा म्हणून झालेला शब्द पुन्हा उच्चारू नका. ‘बस, बस, ए बस, बस म्हणतोय ना’ असे रोज ऐकणारे पिल्लू चौथ्या हाकेलाच बसायचे असते, असे शिकते आणि तेही प्रामाणिकपणे शिकते.

बक्षिसाच्या वेळेबद्दल काटेकोर राहा. बूड टेकल्यापासून सेकंदाच्या आत कळले पाहिजे की हेच हवे होते. खाऊ तोंडाशी पोहोचेपर्यंत पिल्लू उठून उभे राहिले, तर बक्षीस उठण्याला मिळाले. म्हणून मधे एक ठरावीक आवाज वापरतात. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ सालच्या एका लेखात मुलांचे टिकटिक वाजणारे खेळणे यासाठी सुचवले होते आणि आजचा क्लिकर, म्हणजे दाबले की टिक् वाजणारी छोटी डबी, त्याच घराण्यातला आहे. तुम्ही जिभेने ‘टक्’ केले तरी चालेल, फक्त त्या आवाजानंतर खाऊ हमखास मिळाला पाहिजे.

आणि स्वयंपाकघरात आलेले दिवाणखान्यात येत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्येक नव्या जागी पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. पहिल्या जागी दोन दिवस लागले असतील, तर दुसऱ्या जागी बहुधा दहा मिनिटे लागतील. अंगण सगळ्यात शेवटी.

दवबिंदू

पायवाट यांनी शब्द कसा शिकवायचा ते सांगितले. मला कोणता शब्द, याबद्दल सांगायचे आहे. आमच्या घरी ‘बस’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, हे मी एकदा मोजायला घेतले आणि दुपारपर्यंत नाद सोडला. ‘बस, आता पुरे’, ‘आजही बस चुकली’, ‘जरा गप्प बस’, ‘बस म्हटलं की उठायचं नाही’, आणि यातले एकही वाक्य कुत्र्याला उद्देशून नव्हते. ज्या आवाजानंतर शंभरातल्या नव्वद वेळा काहीच घडत नाही, त्या आवाजाकडे लक्ष न देणे हाच शहाणपणा आहे आणि आमची कुत्री शहाणी होती.

‘खाली’ तर त्याहून घातकी. ‘खाली बस’, ‘खाली उतर’, ‘खाली ठेव’ आणि ‘खाली पडेल हं’ या चार वाक्यांतून पिल्लाने काय समजायचे? सोफ्यावर चढलेल्या कुत्र्याला आपण ‘खाली’ म्हणतो, तेव्हा ते तिथेच आरामात लोळते आणि आपण त्याला निर्लज्ज म्हणतो. ‘ये’ आणि माणसाला हाक मारतानाचा ‘ए’ यांतला फरकही कुत्र्याच्या कानाला कितपत जाणवत असेल, याची मला शंकाच आहे.

मराठी घरांतली कुत्री ‘सिट’ आणि ‘स्टे’ ऐकतात याला पुष्कळजण हसतात. मीही हसत असे. पण त्यात एक व्यावहारिक सोय आहे: ते शब्द घरच्या बोलण्यात वारंवार येत नाहीत. मराठी सोडायची नसेल, तर बोलण्यात क्वचित येणारे, एकमेकांसारखे न वाटणारे शब्द निवडता येतात. आमच्याकडे बसण्यासाठी ‘टेक’, आडवे होण्यासाठी ‘लोळ’ आणि जागेवर राहण्यासाठी ‘खांब’ आहे. पाहुणे चक्रावतात, कुत्री चक्रावत नाही.

जुनापाठ

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते इथे अनेकांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. आमच्या घरी ४० वर्षांत सहा कुत्री झाली आणि त्यांतल्या एकालाही वाटीतून खाऊ मोजून दिलेला नाही. कुत्रा कळपातला प्राणी आहे, त्याला म्होरक्या कोण ते कळावे लागते. घरात शू केली की तिथे नेऊन नाक टेकवायचे आणि खडसवायचे. दारातून आधी माणूस जाणार, मग कुत्रा. उंबरपान यांचे पिल्लू रागावल्यावर मान खाली घालते, म्हणजे त्याला सर्व समजते. लाड कमी केले तर दोन आठवड्यांत सरळ होईल.

शेवरी

जुनापाठ, तुमच्या अनुभवाचा आदर राखून लिहिते. मी पशुवैद्य आहे आणि नाक टेकवलेली बरीच पिल्ले माझ्या टेबलावर येतात. त्यांतली कित्येक पिल्ले घरात शू करायची थांबलेली नसतात. ती फक्त माणसासमोर शू करायची थांबलेली असतात. मग ती सोफ्यामागे जातात, आणि बाहेर नेल्यावरही माणूस शेजारी उभा असेल तर काही करत नाहीत. ठिपक्या बाहेर १५ मिनिटे कोरडा राहतो याचे हे एक कारण असू शकते.

पडलेले कान आणि चुकवलेली नजर यांबद्दलही सांगते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊ न खाण्यास सांगून मालक बाहेर जाई. परत आल्यावर काही मालकांना खरे सांगितले जाई, काहींना खोटे. ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. ज्यांनी काहीच केले नव्हते, त्या कुत्र्यांचाही रागावल्यावर तसाच चेहरा झाला. उंबरपान, ठिपक्या तुम्हाला शांत करण्याचा प्रयत्न करतो आहे. पायपुसण्याशी त्याने तुमच्या रागाचा संबंध जोडलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. या वयात पिल्लाला शू रोखता येण्याचा ढोबळ हिशेब असा करतात की जितके महिने वय, त्यात एक मिळवला तर तितके तास. ठिपक्यासाठी तो ४ तासांचा येतो. पण ही जास्तीत जास्त मर्यादा आहे आणि तीही पिल्लू शांत असताना. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच न्यायला हवे, म्हणजे दिवसा पुष्कळदा तासातासाला. बाहेर नेल्यावर फिरवू नका. एकाच जागी, दोरी आखूड धरून, कंटाळवाणे होऊन उभे राहा. शू झाली की त्याच जागी, त्याच क्षणी खाऊ द्या आणि फिरायला न्या ते त्यानंतर. आपण उलटे करतो: शू झाली की काम झाले म्हणून लगेच घरात. हुशार पिल्लू यातून शिकते की शू केली की मजा संपते आणि ती जितकी लांबवावी तितके बरे. मग घरात आल्यावर ओळखीचे, वासाचे, मऊ पायपुसणे समोर असतेच.

ते पायपुसणे काही आठवडे उचलून ठेवा. जिथे शू झाली आहे तिथे जैविक डाग काढणारे, एन्झाइम असलेले द्रावण वापरा. अमोनिया असलेले क्लीनर वापरू नका, कारण त्याचा वास मूत्राशी जुळतो. आणि दहा काळज्या घेऊनही थोडी थोडी शू वारंवार होत असेल, तर शिकवण बाजूला ठेवून आधी मूत्राची तपासणी करून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या पिल्लाला कोणतीही पद्धत लागू पडत नाही.

एक विषय तुम्ही विचारला नाही, पण तो आज्ञांहून तातडीचा आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर येथे पिल्लांवर वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून, १९६५ साली मांडले की साधारण ३ ते १२ आठवडे या काळात पिल्लू जगाची ओळख सर्वांत सहज करून घेते. तो दरवाजा एकदम बंद होत नाही, पण लोटला जाऊ लागतो. लसींची मालिका साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालते, म्हणून लोक पिल्लाला तोवर घरात कोंडून ठेवतात आणि मग वर्षाच्या कुत्र्याला छत्रीची भीती वाटते. ज्या जमिनीवर अनोळखी कुत्री वावरतात तिथे ठिपक्याला उतरवू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. वाहने, टोपी घातलेली माणसे, काठी टेकत चालणारे, रडणारी मुले हे सर्व लांबून पाहू द्या आणि पाहताना खाऊ द्या. लस घेतलेल्या, निरोगी, शांत स्वभावाच्या कुत्र्याशी स्वच्छ घरात भेट घडवता येते.

पायवाट

म्होरक्याच्या मुद्द्यावर थोडी भर. ही कल्पना लोकप्रिय झाली ती मुख्यतः रुडोल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांवरून आणि ती निरीक्षणे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आपल्या पुस्तकातून ही भाषा आधी दूरवर पोहोचवली आणि पुढे रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ साली त्यांनीच लिहिले की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, सत्तेसाठी झुंजणारे परके नव्हेत. शिवाय कुत्रा हा लांडगा नाही, हे वेगळेच.

शिक्षेने काम होतच नाही असे मी म्हणणार नाही, पुष्कळदा होते. पण किंमत मोजावी लागते. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ओरडणे, पट्ट्याला हिसके देणे अशा मार्गांनी शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि त्यानंतर लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही जास्त वाढलेले आढळले.

जुनापाठ

लांडग्यांचे मला ठाऊक नव्हते. नाक टेकवण्याचा आग्रह मी धरत नाही. पण एक गोष्ट मात्र मी मागे घेणार नाही. आमची सहाही कुत्री वागायला चांगली निघाली, कारण आमच्या वडिलांचा नियम सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा असा नव्हता. सोफा बंद म्हणजे सर्वांसाठी, सर्व दिवस बंद. आजच्या घरांत वडील उतरवतात, मुले चढवतात आणि दोष कुत्र्याला मिळतो.

दवबिंदू

जुनापाठ, यावर इथे कुणाचेच दुमत नसावे. किंबहुना तुमच्या कुत्र्यांना नाक टेकवल्याने नव्हे, तर या नियमाने वळण लागले असेल, असे मला वाटते.

माळरान

हाकेबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. उंबरपान, ठिपक्या ‘येता येता थांबतो आणि अंदाज घेतो’ हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. गेल्या पाच आठवड्यांत तुम्ही त्याला हाक मारून नंतर काय काय केले ते एकदा आठवा. अंघोळ घातली, औषध पाजले, नखे कापली, तोंडातली चप्पल काढून घेतली, अंगणातून उचलून घरात बंद केले, बहुधा पायपुसण्याजवळ नेऊन रागावलाही. प्रत्येक वेळी तो आला होता आणि येण्याचे फळ त्याला तसे मिळाले. आता तो प्रत्येक हाकेला हिशेब करतो, यात त्याचे काय चुकले?

उपाय कडक वाटेल, पण तो पाळा. जो शब्द वापरून आजवर बोलावले, तो सोडून द्या. तो बाटला आहे. नवा शब्द किंवा विशिष्ट शीळ घ्या आणि पुढचे दोन महिने त्या शब्दानंतर फक्त चांगलेच घडू द्या. अंघोळ घालायची असेल तर न बोलावता चालत जा आणि उचलून आणा. तो येईल याची खात्री नसेल तेव्हा तो शब्द उच्चारूच नका. सुरुवात दोन माणसांनी खोलीच्या दोन टोकांना बसून करा. एकाने बोलवायचे, आल्यावर खाऊ आणि कौतुक, मग दुसऱ्याने. पिल्लांना हा खेळ वाटतो आणि दहा फेऱ्यांत ती धापा टाकेपर्यंत धावतात, तेव्हा आठव्या फेरीलाच थांबवा. खाऊ देण्याआधी दुसऱ्या हाताने पट्टा हलकेच धरण्याची सवय लावा, नाहीतर पुढे खाऊ हिसकून निसटणारा कुत्रा तयार होतो, जो हाताच्या अंतरावर नाचत राहतो.

अंगणात किंवा मैदानात ५ ते १० मीटर लांबीची हलकी दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधून ती जमिनीवरून घसटू द्या. ओढून आणण्यासाठी ती नाही. त्याने न येण्याचा सराव करू नये, एवढ्यासाठी आहे. तो पळाला तर मागे धावू नका. उलट दिशेने पळा, जमिनीवर उकिडवे बसा, मातीत काहीतरी सापडल्यासारखे करा. पाठलाग हा पिल्लाच्या मते जगातला सर्वोत्तम खेळ आहे आणि त्यात तोच जिंकतो.

शेवरी

दातांबद्दल थोडक्यात. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. म्हणजे ठिपक्याचा चावण्याचा मोसम अजून सुरूच व्हायचा आहे. हात किंवा पायजमा तोंडात धरला की अंग स्थिर करा आणि चघळण्याचे खेळणे पुढे करा. मुलीला किंचाळत पळू नये असे सांगा, कारण किंचाळून पळणारा पायजमा अप्रतिम खेळणे होते. तरीही थांबत नसेल, तर बहुतेक वेळा पिल्लू झोपेला आलेले असते. या वयात ती दिवसातून १८ तासही झोपतात. संध्याकाळी वेड्यासारखे चावणारे पिल्लू म्हणजे बहुधा जागरण झालेले बाळ.

उंबरपान

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहायचे आणि मग लिहायचे असे ठरवले होते.

पाठ करून ‘बस’ म्हणण्याचा प्रयोग त्याच रात्री केला. मुलीने सांगितले त्यानुसार ठिपक्याने आधी मान तिरकी केली, मग मला वळसा घालून समोर आला आणि माझ्या खिशाकडे पाहत उभा राहिला. मला थोडे वाईट वाटले आणि पुष्कळ हायसे वाटले. आता शब्द ‘टेक’ आहे. मुलीने सगळे शब्द कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावले आहेत आणि चुकीचा शब्द वापरणाऱ्याने भांडी घासायची, असा नियम केला आहे. मी चार वेळा घासली. आईने अजून एकदाही घासलेली नाहीत, कारण ती कोणतीच आज्ञा देत नाही. ती फक्त ताटातला घास टेबलाखाली सोडते. ठिपक्या तिच्या खुर्चीशी तासभर न हलता बसू शकतो. ‘खांब’ शिकवायला मला दोन आठवडे लागले, तिने ते एकही शब्द न बोलता शिकवले आहे.

शूचे प्रमाण दिवसातून एखाद्या अपघातावर आले आहे. दोन प्रश्न उरले. खाऊ आयुष्यभर द्यावा लागतो का? आणि ‘खांब’ म्हटल्यावर माझ्यासाठी तो पाच सेकंदांपुढे टिकत नाही, त्याचे काय?

पायवाट

तुमच्या आई या धाग्यावरच्या सर्वांत चांगल्या शिक्षिका दिसतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या खुर्चीशीच आहेत. घास कधी पडेल ते ठिपक्याला ठाऊक नाही, म्हणून तो टिकतो. दर वेळी मिळणारे बक्षीस थांबले तर वागणूक लवकर विझते. कधी मिळणारे, कधी न मिळणारे बक्षीस ती दीर्घकाळ जिवंत ठेवते. शिकवताना दर वेळी द्या, पक्के झाल्यावर कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा द्या. शिवाय खाऊ हे एकच बक्षीस नाही. दार उघडणे, दोरी सोडणे, चेंडू फेकणे यांपूर्वी ‘टेक’ मागा. ज्या गोष्टी तुम्ही रोज फुकट देता त्या पगारात जमा करा. रोजच्या खाद्यातलेच दाणे बाजूला काढून वापरले, तर वजनही वाढणार नाही. मात्र चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल हा गोडवा घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात, हे आईंनाही सांगून ठेवा.

‘खांब’मध्ये तीन वेगळ्या अडचणी असतात: किती वेळ, किती लांब आणि आजूबाजूला काय चालले आहे. एका वेळी एकच वाढवा आणि ती वाढवताना इतर दोन सोप्या करा. तुम्ही बहुधा वेळ वाढवताना मागेही सरकत असाल. त्याच्याजवळच उभे राहून ५ सेकंदांचे ८ करा, मधेच ३ करा, मग १०. सतत अवघड होत जाणारा धडा कुणालाच आवडत नाही. तो उठला तर ओरडू नका, न बोलता मूळ जागी आणा आणि पुढची फेरी सोपी घ्या. सुटका करणारा शब्दही ठरवा, नाहीतर कधी उठायचे ते तोच ठरवील.

रोज दोनतीनदा, प्रत्येकी तीन मिनिटे पुरे. एखादा दिवस राहिला तर हळहळू नका. कोपनहेगनमधल्या संशोधकांना २०११ साली असे आढळले की आठवड्यातून एकदोनदा शिकवलेल्या बीगल कुत्र्यांना रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सत्रांत काम जमले.

उंबरपान

धागा वर काढतो आहे. ठिपक्या आता ८ महिन्यांचा आहे. घरात शू होऊन चार महिने झाले, ‘टेक’ आणि ‘खांब’ अंगणातही होत होते, शीळ घातली की तीरासारखा यायचा. गेले तीन आठवडे तो ठार बहिरा झाल्यासारखा वागतो आहे. गंमत म्हणजे शेजारच्या काकांनी ‘टेक’ म्हटले की लगेच टेकतो, मी म्हटले की आकाशाकडे पाहतो. सगळे वाया गेले का?

शेवरी

नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या एका संशोधनात नेमके हेच नोंदवले गेले. कुत्री ५ महिन्यांची असताना आपल्या माणसाचे जितके ऐकत, त्यापेक्षा ८ महिन्यांची असताना कमी ऐकत होती आणि त्याच वयात परक्याचे मात्र नीट ऐकत होती. वर्षाच्या सुमारास बहुतेकांची गाडी पुन्हा रुळावर आलेली दिसली. शेजारच्या काकांना श्रेय घेऊ देऊ नका.

माळरान

लांब दोरी फेकून दिली नसेल तर पुन्हा काढा. शीळ त्याच्या न येण्याने बाटू देऊ नका; जिथे तो नक्की येईल अशा अंतरावरच ती वापरा आणि काही आठवडे दर वेळी खाऊ द्या, तोही उकडलेल्या चिकनसारखा भारी.

उंबरपान

दोरी माळ्यावर होती. काल संध्याकाळी बांधली. दहापैकी सहा वेळा आला, दोनदा दोरीवर पाय द्यावा लागला आणि दोनदा मी शीळ घालायचे टाळले, कारण भिंतीवर मांजर होते.